इरुकटोल्याचा डोह

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी उपकेंद्रातून एका दिवसाची रजा काढली, ती भावाच्या कामासाठी. स्वप्निल माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. हैदराबादच्या एका गोदामात चार वर्षं काढून तो गावी परतला होता, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलात त्याला एक नाला सापडला होता. झऱ्याचं पाणी, भर उन्हाळ्यातही न आटणारं. शहरातल्या लोकांना तिथे पोहायला आणि नाव चालवायला न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. दोन माणसांचा एक जुना पिवळा प्लास्टिकचा डोंगा त्याने कुठूनतरी मिळवला होता. त्याला तो ‘कनू’ म्हणायचा. फलकसुद्धा रंगवून तयार होता. नागपूरची चार मुलं रविवारी येणार होती. त्याआधी पाणी कुठे खोल आहे, कुठे ओढ आहे, हे कुणी जाणत्या माणसाने बघून द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

जाणतं माणूस म्हणजे मी. आम्ही ढिवर. आमचे बाबा, केवळराम, वैनगंगेत मासे धरायचे, आणि कुणी बुडालं की ठाण्यातून शिपाई बाबांना बोलवायला यायचा. बाबा दोरीला चार टोकांचा लोखंडी गळ बांधून तळ चाचपायचे, मी डोंगा स्थिर धरायची. बाराव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत मी अशी तेवीस माणसं वर येताना पाहिली. पुढे मी नर्सिंग केलं, ब्रह्मपुरीजवळच्या एका उपकेंद्रात लागले, बाबाही वारले. पण हाताची सवय जात नाही. आजही डोंग्यात बसले की माझा हात आपोआप कडेवरून खाली जातो आणि पाणी किती बोटं खाली आहे ते बघतो. त्यावरून डोंग्यात किती ओझं आहे ते कळतं.

पिकअपवर डोंगा बांधून आम्ही सकाळीच निघालो. आरमोरी, गडचिरोली, धानोरा. धानोऱ्याच्या पुढे डांबर संपलं. मोहफुलांचा हंगाम सरत आला होता, झाडांखाली फुलं वेचण्यासाठी पाला जाळल्याचे काळे गोल दिसत होते. इरुकटोला म्हणजे बावीस घरं. तिथले लालसूभाऊ आमची वाट बघत बसले होते. साठीचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. ग्रामसभेने डोंगा चालवायला हो म्हटलं होतं, पण एका अटीवर, आणि ती अट स्वप्निलने मला सांगितली नव्हती. नाल्याच्या वरच्या टोकाला, जिथे झरा फुटतो, तिथल्या डोहात कुणी उतरायचं नाही.

मी लालसूभाऊंना कारण विचारलं.

“आमी त्याचं पाणी पितो,” ते म्हणाले. “गुरं पाजतो. उतरत नाई.”

आवाजात भीती नव्हती. अमुक वारी नखं कापत नाही, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. स्वप्निल डोंग्याची दोरी सोडत होता, त्याने मान वर केली नाही. पिकअपमध्ये पडलेल्या फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘झऱ्यात पोहण्याचा आनंद’ असंच लिहिलेलं होतं.

मी पुढे बसले, तो मागे. पाणी कडेपासून एक वीत खाली होतं. दोघांच्या वजनाला ते बरोबर होतं. नाला दहा-बारा हात रुंद, दोन्ही बाजूंनी जांभूळ आणि बांबू वाकलेले, त्यामुळे आत गारवा. तळाचा एकेक खडा दिसत होता. लहान माशांचे थवे डोंग्याच्या सावलीतून पळत होते. स्वप्निल मागून बोलत होता: इथे मुलांना उतरवू, इथे फोटो काढू, पुढच्या वर्षी आणखी दोन डोंगे घेऊ. किती दिवसांनी तो असा बोलत होता. मी ऐकत होते आणि खोली बघत होते. कुठे कंबरभर, कुठे छातीभर. ओढ नव्हतीच. दीड-दोन किलोमीटर वर गेल्यावर झाडं बाजूला झाली आणि डोह आला.

साधारण चाळीस फूट रुंद, जवळजवळ गोल. मध्ये दोन-अडीच पुरुष खोल, तरी तळ अंगणासारखा स्पष्ट. पांढरी वाळू, आणि तीन-चार ठिकाणी ती वाळू खालून उसळत होती, भाताला आधण आल्यासारखी. पण आवाज नव्हता. बारा वाजत आले होते, ऊन सरळ तळापर्यंत जात होतं. मला दोन गोष्टी खटकल्या. नाल्यात मासे होते, इथे एकही नव्हता. आणि भोवती पानगळ चाललेली असून पाण्यावर एक पान नव्हतं.

स्वप्निलने लाइफ जॅकेट काढलं. मी नको म्हटलं. ज्यांच्या गावात आपण आलो त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे, ती पाळू, असंही म्हटलं.

“पोहाले नाई भेटलं तं लोक कायले येतीन इथी?” तो म्हणाला. “एक बुडी, ताई. खाली काय हाये ते तं पाहू दे.”

तो सरळ खाली गेला. लहानपणापासून तो असाच जायचा, पाणी न उडवता. मी सवयीने मोजायला लागले. तो तळाशी पोचला, उसळत्या वाळूवर पालथा झाला आणि त्याने हात आत घातला. मनगट गेलं. मग कोपरापर्यंत गेला. तीसला तो तसाच होता. पन्नासला तसाच. त्याचे केस पाण्यात सावकाश हलत होते. साठला मी चपला काढल्या.

“थंडगार हाये,” तो माझ्या मागून म्हणाला.

मी वळले. तो डोंग्याच्या दुसऱ्या कडेला धरून हसत होता. मी त्याला वर येताना पाहिलं नव्हतं. मी तर तळाकडेच बघत होते, आणि तो बोलला त्या क्षणापर्यंत तो मला तळाशी दिसत होता. पुन्हा खाली पाहिलं तेव्हा वाळू उधळली होती. पुढे काही दिसलं नाही.

पाण्यातला माणूस डोंग्यात चढतो तेव्हा डोंगा त्याच्याकडे कलतो, म्हणून आतल्या माणसाने उलट्या बाजूला झुकायचं असतं. मी झुकले. डोंगा त्याच्याकडे कललाच नाही. माझ्याच भाराने तो माझ्या बाजूला गेला आणि मी पाण्यात पडता पडता राहिले. सावरून बघते तर स्वप्निल मागच्या जागेवर बसलेला, अंगावरून पाणी निथळतंय.

परतताना डोंगा नीट चालेना. पुढचं टोक पाण्यात रुतल्यासारखं झालं होतं आणि मागचं वर उचललं गेलं होतं. स्वप्निलचं वल्हं पाण्याला नुसतं लागत होतं. डोंग्यात एकच माणूस पुढे बसला की असं होतं. मी कडेवरून हात खाली सोडला. पुढे, माझ्यापाशी, पाणी चार बोटांवर आलं होतं. दोनदा मागे वळून पाहिलं. तो तिथेच होता, गुणगुणत होता.

काठावर चिखल होता. मी उतरले तेव्हा माझा पाय घोट्यापर्यंत गेला. स्वप्निल उडी मारून उतरला, डोंग्याची दोरी घेऊन वर चढला, आणि त्याच्या वाटेवर चिखल जसा होता तसाच राहिला.

लालसूभाऊंनी तो चिखल पाहिला. त्यानंतर ते स्वप्निलच्या जवळ आले नाहीत. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, याचं लग्न झालं आहे का. मी म्हटलं, झालं आहे, पाच वर्षांची मुलगी आहे. ते तसेच घराकडे निघून गेले.

तीन दिवसांनी स्वप्निलची बायको भाग्यश्री उपकेंद्रात आली. येण्याचं कारण तिने डोकेदुखी सांगितलं. मी गोळ्या दिल्या तरी ती उठेना. मग म्हणाली, हे खाटेवर बसले की खाट वाजत नाही. नवार खाली जात नाही. आणि काल दीपिकाने खेळता खेळता त्यांचा हात ओढला, तर ते अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढले गेले, वाळत घातलेलं लुगडं ओढावं तसे. दीपिका हसली. ते नाही हसले.

मी त्याला दुपारी बोलावून घेतलं. नाडी बहात्तर. रक्तदाब ठीक. ताप नाही, रक्त ठीक. मग वजनकाट्यावर उभं केलं. काट्याने शून्य दाखवलं. मी स्वतः उभी राहिले, एकसष्ट. त्याला पुन्हा उभं केलं, शून्य. सेल बदलून पाहिले. शेवटी लहान बाळांचा काटा काढला आणि त्याला त्यावर नुसता हात टेकायला सांगितला. शून्य. तो माझ्याकडे बघत होता. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहून आमचा काटा दुरुस्तीला टाकायला सांगितलं.

नागपूरच्या मुलांना त्याने येऊ नका म्हणून कळवलं. फलक गोठ्यामागे उभा करून ठेवला. एप्रिल सरत आला तसे दुपारचे वारे सुटू लागले, आणि तो बाहेर पडताना खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊ लागला. कुणी विचारलं तर गिरणीत चाललो म्हणायचा. भूक होती, झोप होती, दुखत काहीच नव्हतं. एकदा मी घरी गेले तर तो आतल्या खोलीत पोतं मांडीवर घेऊन बसला होता.

“मी तिथीच राह्यलो का, ताई?”

मी माळ्यावरून बाबांचा गळ काढला.

डोहावर आम्ही पुन्हा गेलो तो एकोणिसावा दिवस होता. स्वप्निलला मी काठावर थांबवलं. लालसूभाऊ आपणहून आले आणि त्याच्यापासून दहा हात दूर, जांभळीखाली बसले. त्यांनी अडवलं नाही. मी मागच्या जागेवर वाळूची गोणी ठेवली, म्हणजे डोंगा सरळ राहील, आणि एकटी मध्यावर गेले. दुपार होती. तळ लख्ख दिसत होता. तिथे वाळूखेरीज काहीही नव्हतं.

पहिल्यांदा गळ नुसता घासत आला. दुसऱ्यांदाही.

तिसऱ्यांदा अडकला.

दगडाला अडकला तर दोरी ताठ होते आणि तशीच राहते. लाकडाला अडकला तर थरथरते. माणसाला लागला की आधी येत नाही, आणि मग आपणहून येऊ लागतो, हळूहळू फिरत. ते हातांना एकदा कळलं की आयुष्यभर कळतं. दोरी फिरत वर येत होती.

मी ओढत होते. तळहात सोलले. गळ पाण्याबाहेर आला, तो रिकामा होता. चारही टोकं चमकत होती. पण दोरी ताठ होती आणि भार माझ्या खांद्यांत होता. बाबा करायचे तसा मी गुडघा कडेला लावला, मागे झुकले आणि ते आत घेतलं.

डोंगा खाली गेला. पाणी कडेपासून तीन बोटांवर आलं.

डोंग्यात काही नव्हतं. तळाशी वल्ह्याने उडालेलं थोडं पाणी साचलं होतं, तेवढं बाजूला सरलं. आधी दोन टाचांपुरतं. मग पाठीपुरतं. मग डोक्याच्या मागच्या भागापुरतं. मध्ये कोरडं प्लास्टिक दिसत होतं, आणि कडेने पाणी थांबून राहिलं होतं.

मी तिकडे पाठ करून वल्हं मारू लागले.

काठ आठ-दहा हातांवर राहिला तेव्हा स्वप्निल उभा राहिला. पोतं त्याने खाली टाकलं होतं. त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि खाली पाहिलं. चिखलात त्याचा पाय रुतला होता. दुसरं पाऊल टाकलं, तेही रुतलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो रडत होता.

“ताई, आण,” तो म्हणाला. “जड वाटून राह्यलं मले. बरं वाटून राह्यलं.”

मी आणखी दोन हात पुढे आले.

त्याचे हात माझ्याकडे पसरलेले होते. तळव्यांची कातडी पांढरी झाली होती आणि सुरकुतली होती. नखं निळी. मी वल्हं अर्धवट उचललेलं धरलं, पण डोंगा आपल्या वेगाने पुढे जात होता. त्याच्या नाकपुड्यांशी फेस आला, बारीक, साबणासारखा. तो फेस मी तेवीस वेळा पाहिला होता.

मग वास आला. एकोणीस दिवसांचा.

“मागं हो,” मी म्हटलं. “स्वप्निल, मागं हो.”

तो गुडघाभर पाण्यात आला होता आणि हसत होता. त्याच्या गालावरची कातडी हसण्याबरोबर हलत नव्हती.

मी त्याला विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. डोंग्याच्या एका कडेवर सगळा भार टाकला आणि डोंगा उलटवला.

पाण्याखाली ते माझ्या पायाला घासून गेलं. एवढ्या थंड कशाला मी कधी शिवले नव्हते. मग डोहाच्या मध्याकडे, झऱ्याकडे गेलं, प्रवाहाच्या उलट.

मी काठाला लागले तेव्हा स्वप्निल चिखलावर बसला होता. नखं गुलाबी झाली होती. चेहरा त्याचा होता. त्याने हाताने चिखल दाबून पाहिला. बोटं उमटली नाहीत.

“काऊन सोडलं?” त्याने विचारलं.

मी ओल्या कपड्यांनी तशीच पालथा डोंगा काठाकडे ओढू लागले. मी काय पाहिलं ते त्याने पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं हे मला आजही कळलेलं नाही. तो पोतं उचलून पिकअपकडे गेला. लालसूभाऊ जवळ आले आणि डोंगा सरळ करायला हात लावला.

“माझ्या बहिणीचं तळातलं आमी आणलं होतं बाहेर,” ते म्हणाले. “तिच्याजवळ नेलं. त्याच दिवशी तिले माती दिली.”

मी विचारलं, आणलं नसतं तर काय झालं असतं.

त्यांनी डोंगा सरळ केला. “माहीत नाई, बाई,” ते म्हणाले. “कोणी ते खालीच ठेवून पाह्यलं नाई.”

त्यानंतर स्वप्निल माझ्याशी बोललेला नाही. मी घरी गेले तर तो आतल्या खोलीत जातो. जूनमध्ये वादळ झालं तेव्हा भाग्यश्रीने त्याला लुगड्याने खांबाला बांधून ठेवलं होतं, असं दीपिकाने मला सांगितलं. तो फाटकाबाहेर पडत नाही. गावात आता कुणी विचारतही नाही. भाग्यश्रीला मी डोंग्यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या नवऱ्याला मी परत आणलं नाही, की वाचवलं, हे मला ठरवता आलं असतं तर सांगितलं असतं.

आता डिसेंबर आहे. भाग्यश्रीला सातवा महिना चालू आहे. दर महिन्याला ती तपासणीला येते. काल आली होती. पोटाची उंची महिन्यांप्रमाणे वाढते आहे. बाळाचे ठोके एकशे चव्वेचाळीस, अगदी स्पष्ट. मी हात ठेवला तर त्याने आतून लाथ मारली.

जूनमध्ये तिचं वजन अठ्ठेचाळीस किलो दोनशे ग्रॅम होतं. काल ते अठ्ठेचाळीस किलो दोनशे ग्रॅम होतं. मधल्या सगळ्या महिन्यांतही तेवढंच. तालुक्यातून मी दुसरा काटा मागवला होता, त्यावरही तेवढंच. मी कार्डावर त्रेपन्न लिहिलं आणि तिला हात देऊन टेबलावरून उतरवू लागले. तिने हात घेतला नाही. ती अलगद उतरली, पदर सारखा केला आणि हसली. किती तरी महिन्यांनी मी तिला हसताना पाहत होते.

“दीपिकाच्या वक्ती पाय सुजले होते, उठवत नव्हतं,” ती म्हणाली. “या बारीले काईच ओझं वाटत नाई, ताई.”